रंग, माती, कात्री : वाचकांचे प्रश्न आणि चित्रकलेच्या बाईंची उत्तरं

या महिन्याच्या टपालात लहान मुलांच्या चित्रकलेविषयी इतकी पत्रं आली की संपादकांनी सगळं सदर त्यांनाच देऊन टाकलं. बहुतेक प्रश्न पहिली ते चौथीच्या मुलांबद्दलचे आहेत. माझी नोकरी महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली आणि निवृत्तीनंतर मी खेड्यापाड्यांतल्या शिक्षकांबरोबर कार्यशाळा घेते. इथली उत्तरं त्या कामातूनच आली आहेत.

प्रश्न : मी माण तालुक्यातल्या द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळते. वेळापत्रकात कलेचा तास आहे, पण चित्रकलेचे वेगळे शिक्षक नाहीत आणि मला स्वतःला चित्र काढता येत नाही. फळ्यावर आंबा काढते, मुलं बघून काढतात आणि रंगवतात. एका प्रशिक्षणात सांगितलं, मुलांना मोकळं सोडा, काही शिकवूच नका. मग तासाला मी करू काय?
— एक शिक्षिका, जि. सातारा

उत्तर : बाई, तुम्हाला चित्र काढता येत नाही ही अडचण मला तरी वाटत नाही. पहिलीतल्या मुलाला तुमचं चित्र नकोच आहे. ब्रश कसा धरायचा, रंगात पाणी किती घालायचं, कागदाला भोक का पडतं, माती का तडकते, हे त्याला कुणीतरी दाखवायला हवं. त्यासाठी चित्रकार असावं लागत नाही. कशाचं चित्र काढायचं आणि ते कसं दिसावं, हे मात्र मुलाकडे राहू द्या. फळ्यावरचा आंबा पुसून टाका, कारण तो असेपर्यंत वर्गातला प्रत्येक आंबा तसाच येणार.

‘मोकळं सोडा’ हे मात्र मला पटत नाही. केस फिसकटलेला ब्रश आणि गढूळ पाणी देऊन मुलाला मोकळं सोडलं, तर त्याचे सगळे रंग मिळून तपकिरी चिखल होतो. असं वर्षभर झालं की ते मूल म्हणायला लागतं, ‘मला चित्र येत नाही.’ त्याला येत नव्हतं ते ब्रश धुणं. साधनं आणि पद्धत नीट शिकवा, अगदी आग्रहाने शिकवा, आणि चित्रात बोट घालू नका. माझं सगळं सांगणं एवढंच आहे.

सुरुवात मेणखडूने किंवा ऑइल पेस्टलने करा. खडूचा कागद सोलायचा आणि खडू चक्क मोडायचा. मुलांना मोडायची भीती वाटते, म्हणून पहिला खडू तुम्ही मोडा. तुकडा आडवा ठेवून ओढला की रुंद पट्टा येतो, टोकाने बारीक रेघ येते, दाबून घासला की गडद आणि हलक्या हाताने फिकट. पहिला तास एकाच रंगाचा ठेवा. एका खडूतून किती तऱ्हेच्या खुणा निघतात, एवढंच शोधायचं. पुढच्या तासाला पेरूचं किंवा पिंपळाचं पान शिरांची बाजू वर ठेवून, त्यावर पातळ कागद धरून आडव्या खडूने घासा. पान सरकू न देणं हेच त्यातलं कसब आहे, म्हणून जोड्या करा, एकाने धरायचं, दुसऱ्याने घासायचं. त्यानंतर साध्या पांढऱ्या मेणबत्तीने कागदावर काहीही काढायला सांगा आणि वरून पातळ केलेला निळा रंग फिरवू द्या. मेण पाणी धरत नाही, त्यामुळे न दिसणाऱ्या रेघा पांढऱ्या उमटतात. ‘असं का झालं?’ हे मुलांनाच विचारा. विज्ञानाचा तासही तिथेच होऊन जातो.

मग ब्रश. गोल ब्रश आठ-दहा नंबरचा घ्या. लहान मुलांना बारीक ब्रश देण्याची पद्धत चुकीची आहे, त्याने कागद भरता भरता मूल दमून जातं. दोघांत दोन वाट्या पाणी, एक ब्रश धुवायला आणि एक रंगात घालायला, आणि जुन्या सुती साडीचा तुकडा. धुवा, पुसा, मग दुसऱ्या रंगात बुडवा, हे पाढ्यासारखं घोकून घ्या. ब्रश ओढायचा, ढकलायचा नाही. ढकलला की केस फाकतात. काम झालं की तो केसांवर उभा करून पाण्यात ठेवायचा नाही, धुऊन, केस बोटांनी जुळवून आडवा ठेवायचा. ओल्या रंगावर पुन्हा पुन्हा ब्रश घासला की कागद सोलतो आणि भोक पडतं, तेव्हा वाळेपर्यंत थांबायला शिकवा. सहा वर्षांच्या मुलाला थांबणं अवघड जातं, म्हणून तेवढ्या वेळात त्याच्यासमोर दुसरा कागद हवा. वर्तमानपत्राचा चालेल, घट्ट कालवलेले पोस्टर कलर त्यावर छान बसतात.

रंग चारच आणा : पिवळा, लाल, निळा, पांढरा. हिरवा विकत आणू नका, तो मुलांना करू द्या. पिवळा रंग लिंबाएवढा घ्या आणि निळा ब्रशच्या टोकावर येईल एवढाच. उलटं करून निळ्यात पिवळा घालत बसलात तर पिवळ्याची बाटली रिकामी होईल आणि निळा हलायचा नाही. नेहमी फिकटात गडद घालायचा. निळ्याच्या प्रत्येक थेंबानंतर एक ठिपका कागदावर द्यायचा. पोपटीपासून गर्द हिरव्यापर्यंत ठिपक्यांची ओळ तयार होते. ती वाळली की मुलांना कागदासकट बाहेर न्या. कडुलिंबाची कोवळी पालवी, ज्वारीचं पान, डाळिंबाचं पान, बाभळीचा पाला ठिपक्यांवर ठेवून बघायचं, कुठला ठिपका कुणाचा. बाभळीचा रंग सहसा कुणाकडेच सापडत नाही, तो जरा मळकट असतो. तेव्हा सांगा, हिरव्यात लाल अगदी कणभर टाका. रंग विझतो आणि पाला जुळतो. माझ्या वर्गातल्या एका मुलाने आपल्या ठिपक्यांखाली पानांची नावं लिहून घेतली होती, शेवगा, शेवरी, घाणेरी, आणि शेवटच्या ठिपक्याला ‘आजीचं लुगडं’. रंगाचं नाव डबीवरून न घेता डोळ्याने घेतलं, की मग त्या मुलाला झाडं एकाच हिरव्या रंगाने रंगवा असं सांगून तरी बघा.

मातीकाम तर तुमच्याकडे घरोघर आहे. बेंदराला मातीचे बैल होतात, त्यांची पूजा होते. मग वर्गात त्यासाठी थर्माकोल कशाला? काळी किंवा तळ्यातली चिकण माती खडे वेचून, मळून, ओल्या गोणपाटात दोन-तीन दिवस ठेवा. बैल करताना मुलं पाय वेगळे वळून चिकटवतात आणि वाळल्यावर चारही पाय गळून पडतात. एकाच गोळ्यातून पाय, मान, वशिंड चिमटीने ओढून काढायला शिकवा. शिंगं चिकटवायचीच असतील तर दोन्ही बाजूंना काडीने ओरखडे पाडा, पातळ चिखल लावा आणि मग दाबा. अंग जाड राहिलं तर बाहेरची माती आधी वाळून आकसते, आत ओल राहते, आणि बैल पोटावर तडकतो. उन्हात ठेवू नका, सावलीत वाळवा. गावात कुंभार असेल तर त्यांना एक दिवस वर्गात बोलवा. थापटणं त्यांच्या हातात बघितलं की तुमच्या माझ्या बोलण्याची गरज उरत नाही.

प्रश्न : माझी मुलगी दुसरीत आहे. चित्रकलेच्या क्लासला जाते, बक्षिसंही मिळाली आहेत. पण ती सदोदित एकच देखावा काढते : दोन डोंगर, मधून सूर्य, नदी, झोपडी, नारळाचं झाड, पक्षी. दुसरं काही काढ म्हटलं की ‘मला येत नाही’ म्हणते. शिवाय खोडरबराने कागद फाटेपर्यंत खोडते.
— एक आई, डोंबिवली

उत्तर : हा देखावा मी महाराष्ट्राच्या प्रत्येक जिल्ह्यात पाहिला आहे. समुद्र न पाहिलेली मुलं नारळ काढतात आणि डोंगर न पाहिलेली मुलं त्याच्यामागून सूर्य उगवतात. तुमच्या मुलीचा हात चांगला आहे, पण तो हात पाठांतर करतो आहे, डोळ्यांचं ऐकत नाही. बक्षिसं मिळत राहिल्याने पाठांतर आणखी पक्कं झालं. क्लासच्या सरांना किंवा बाईंना दोष देऊ नका, पालकांना घरी नेण्यासारखं चित्र दर आठवड्याला हवं असतं आणि ते त्याच ओझ्याखाली असतात.

घरी एक करा. खोडरबर काही दिवस कपाटात ठेवा आणि तिला बॉलपेन द्या. पेन दिलं की खोडण्याचा प्रश्न मिटतो. रेघ हवी तिथे गेली नाही तर शेजारी दुसरी काढायची, पहिली तशीच राहू द्यायची. मग ओट्यावरचा कुकर तिच्यासमोर टेबलावर ठेवा. काढायच्या आधी डोळे मिटून तिला तो हातांनी चाचपू द्या : झाकणाची कड, शिट्टी, कानाची पकड, तळाची गोलाई. त्यानंतर प्रश्न विचारा. शिट्टी मधोमध आहे का? मूठ कुठून निघते, अंगातून की झाकणातून? स्क्रू किती दिसतात? उत्तरं तोंडी नकोत, कागदावर येऊ द्या. मूठ भलतीच मोठी आली तर ‘अगं, एवढी मोठी असते का?’ म्हणू नका. तिला मूठ आवडली असेल. कुकर झाल्यावर चपला, बाबांची लोकलची बॅग, बाल्कनीतली तुळस. कुकर ओळखता येण्याजोगा आला की ‘मला येत नाही’ हे बोलणं कमी होतं, हे मी पुष्कळ मुलांत पाहिलं आहे.

एक सांभाळा. ती सात वर्षांची आहे. या वयाची मुलं कागदाच्या तळाशी एक जमिनीची रेघ मारतात आणि सगळं जग तिच्यावर उभं करतात. आभाळ वर एक निळी पट्टी असते, मध्ये मोकळी जागा. घराच्या भिंतीतून आतली माणसं, पंखा, गॅस सगळं दिसतं. आई इमारतीएवढी असते, कारण ती महत्त्वाची आहे. ही चूक नाही. व्हिक्टर लोवेनफेल्ड या अभ्यासकाने १९४७ मध्येच या अवस्था सविस्तर मांडल्या होत्या : साधारण सात ते नऊ वर्षांचं मूल आपल्याला ठाऊक असलेलं जग एका ठरलेल्या मांडणीत काढतं, आणि दिसतं तसं काढण्याची ओढ त्याला त्यानंतर लागते. तेव्हा ‘लांबचं लहान काढ’ हे आत्ता शिकवू नका. दहाव्या-अकराव्या वर्षी ती स्वतः विचारील, की रेल्वेचे रूळ लांब जाऊन एकत्र का येतात. तुम्ही डोंबिवलीत राहता, फलाटाच्या टोकाशी उभं राहून तिला त्या वेळी दाखवा.

आणि तिला फलाटाचं चित्र काढायला सांगा. तिथले पक्षी कावळे आणि कबुतरं असतात, एवढं जरी तिच्या लक्षात आलं तरी तो जुना देखावा सुटेल.

प्रश्न : माझा नातू डावरा आहे. चित्र काढताना मी उजव्या हाताला वळण लावावं का? कात्रीही त्याला चालवता येत नाही.
— एक आजी, कोल्हापूर

उत्तर : आजी, अजिबात नको. हात बदलायला लावला की त्याचं सगळं लक्ष हाताकडे जातं. कागद उजव्या हाताची मुलं ज्या बाजूला तिरपा ठेवतात त्याच्या उलट तिरपा ठेवू द्या, आणि शाळेत बाकाच्या डाव्या टोकाला बसवायला सांगा, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागत नाही. कात्रीचं म्हणाल, तर दोष कात्रीत आहे. नेहमीच्या कात्रीची पाती उजव्या हातासाठी जुळवलेली असतात, डाव्या हातात ती फाकतात आणि कागद कापला न जाता दुमडतो. डावऱ्यांची कात्री मोठ्या स्टेशनरीच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळते. शिवाय अंगठा वरच्या भोकात, कोपर अंगाला, आणि वळण आलं की कात्री वळवायची नाही, दुसऱ्या हाताने कागद फिरवायचा. आधी कागदाच्या कडेला झालर कापू द्या, मग सरळ पट्ट्या, मग नागमोडी आणि शेवटी गोल गोल जाणारा साप. साप न तुटता कापता आला की कात्री आली.

प्रश्न : स्नेहसंमेलनासाठी तिसरी-चौथीच्या मुलांकडून वारली चित्रांची मोठी पट्टी करून घ्यायची आहे. छापील नमुन्यावरून त्रिकोण, तारपा नाच उतरवून घेऊ का? नमुन्यांत एक देवीचा चौकोनही आहे, सुंदर दिसतो.
— एक शिक्षक, नाशिक

उत्तर : सर, नमुन्यावरून उतरवलंत तर पट्टी सुबक होईल, पण मुलं वारली शिकणार नाहीत. आधी त्या चित्रामागे काय आहे ते त्यांना सांगा. डहाणू, तलासरी, जव्हार या भागातल्या वारल्यांच्या घरी लग्नात सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात. भिंत शेणामातीने आणि गेरूने सारवलेली असते, वर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि हातात बांबूची काडी. तुमच्या नमुन्यातला चौकोन म्हणजे देवचौक असावा, त्यात पालघट देवी असते आणि लग्नात धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. तो पूजेचा भाग आहे, स्टेजच्या पडद्यावर तो नको, एवढी माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. लग्नाबाहेर, रोजच्या आयुष्याची चित्रं कागदा-कापडावर काढण्याची वाट १९७० नंतरच्या काळात मोठी झाली ती जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. मासे, शेतं, मुंग्या, जाळी टाकणारी माणसं, सगळं त्यांनी त्याच साध्या आकारांत आणलं. तीच वाट मुलांसाठी घ्या.

आता कसब. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणूस उभा राहतो, हे सगळे शिकवतात. पण त्या माणसाचा जीव दोन त्रिकोणांच्या कलण्यात आहे. वरचा त्रिकोण पुढे झुकवला की माणूस भात लावतो, मागे कलला की दोर ओढतो, दोन्ही एकाच बाजूला गेले की धावतो. हे फळ्यावर सांगू नका. एका मुलाला वर्गापुढे उभं करा आणि बादली उचलायला सांगा. बाकीच्यांनी बघायचं : छाती कुठे गेली, कंबर कुठे गेली? दोन पुठ्ठ्याचे त्रिकोण टाचणीने टोकाशी जोडून प्रत्येकाला द्या, ते हलवून तशी ठेवण जुळवायची, मगच कागदावर काढायचं. हातपाय शेवटी, एका दमात, रेघ न थांबवता. तपकिरी कागद, पांढरा पोस्टर कलर आणि एका टोकाला ठेचून कुंचल्यासारखी केलेली बांबूची काडी पुरे.

विषय मुलांचा असू द्या. नाशिकची मुलं द्राक्षाच्या बागेतली छाटणी काढतील, गोदाकाठचा बाजार काढतील, एसटीत चढणारी माणसं काढतील. आणि शक्य असेल तर एखाद्या वारली चित्रकाराला मानधन देऊन बोलवा. तुमच्यापासून जव्हार फार लांब नाही.

प्रश्न : मुलगा तिसरीत आहे. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेची तयारी आतापासून करून घ्यावी का? मैत्रिणीच्या मुलाने वस्तुचित्राचा क्लास लावला आहे.
— एक पालक, पुणे

उत्तर : नाही. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा वरच्या वर्गांतल्या मुलांसाठी आहेत. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून पालकांची घाई होते, ती मला समजते. पण छायाप्रकाश आणि घड्याची लंबवर्तुळं आठ वर्षांच्या मुलाकडून घोटून घेतली तर तो ती सूत्र म्हणून पाठ करील, आणि पुढे खरा घडा समोर आल्यावरही तेच सूत्र काढील. त्याला आत्ता माती, कात्री, ठसे आणि रंग मिसळणं द्या. परीक्षेला लागणारा हात त्यातूनच तयार होतो.

प्रश्न : आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या वर्गातल्या मूल्यमापनात, कलेची नोंद काय करायची? मी सगळ्यांना ‘चित्र छान काढतो’ लिहिते आणि मलाच ते खोटं वाटतं.
— एक शिक्षिका, जि. वर्धा

उत्तर : तुम्हाला ते खोटं वाटतं हे फार चांगलं आहे. चित्राला शेरा देऊ नका, मूल काय करायला शिकलं ते लिहा. ‘पिवळ्यात निळा थोडा थोडा घालून तीन हिरव्या छटा केल्या.’ ‘ब्रश न सांगता धुऊन आडवा ठेवतो.’ ‘कागद फिरवून गोल कापते.’ ‘बैलाचे पाय एकाच गोळ्यातून काढले.’ ‘वाळेपर्यंत थांबतो.’ अशी नोंद वाचून पुढच्या वर्गाच्या बाईंना कळतं, कुठून सुरू करायचं. आठवड्याला पाच-सहा मुलांकडेच नीट बघा, सगळ्या वर्गाकडे एका तासात बघणं कुणालाच जमत नाही.

तुम्ही वर्ध्याच्या आहात म्हणून सांगते. सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेत शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद मुलांना कला शिकवत. त्या शाळेत हाताचं काम हा शिक्षणाचा कणा होता. जमलं तर एकदा वर्ग घेऊन सेवाग्रामला जा, तिथली कुडाची घरं, जाळ्या, चटया मुलांना हात लावून बघू द्या आणि वह्या बरोबर ठेवा. आणि वर्गातली चित्रं भिंतीवर लावताना सगळ्यांची लावा, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा आणि प्रत्येकाखाली मुलाने स्वतः सांगितलेलं एक वाक्य लिहा. निवडक पाच चित्रं वर लावून बाकीची कपाटात टाकली, की कपाटातल्या मुलांनी तासाला ब्रश का धरावा?

पुढच्या महिन्यात ठसेकामाच्या प्रश्नांना उत्तरं देईन. भेंडी आणि बटाट्याच्या ठशांबद्दल अकोल्याहून आणि बेळगावहून पत्रं आली आहेत, ती बाजूला काढून ठेवली आहेत.